जिवंत हाताचा खाका

९ जानेवारी

काका,

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुम्ही "हो हो, जेवलो" म्हणून ठेवून देता, म्हणून पुन्हा कागद घेतला. कान तपासून घ्या म्हटलं तर तुम्ही म्हणणार, हातमोजे शिवायला कान कशाला लागतात.

बातमी अशी की माझं काम बदललं. बारा वर्षं पोटातली बाळं आणि पित्ताशयातले खडे पाहिले, आता मला माना दिल्या आहेत. सोनोग्राफीचं यंत्र तेच, फक्त ते मानेवर फिरवायचं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या तिथून जातात. त्यांच्या आत थर साचलाय का, वाट अरुंद झालीय का, ते पाहायचं आणि मोजायचं. तुम्ही मला लहानपणी मोजपट्टी म्हणायला लागलात, ते नाव आता सार्थकी लागलं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ज्यांना सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर चट्टे उठून पापुद्रे सुटतात, त्यातही ज्यांचे सांधे धरलेत, त्यांच्या माना नीट बघा. त्यांच्या रक्तवाहिन्या वयाच्या आधी खराब होऊ शकतात. जी आग कातडीवर दिसते ती तेवढ्यापुरती नसते, रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही तीच लागलेली असते. सगळ्यांचं तसं होतं असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

मी वहीत लिहून घेत होते आणि पेन थांबलं. मला तुमची कोपरं आठवली. बाबांची पाठ आठवली. फोटोतली आजोबांची टोपी आठवली, जी म्हणे ते घरातही काढत नसत. आजोबा बावन्नाव्या वर्षी गेले, आत्या पंचावन्नाव्या, बाबा सत्तेचाळीसाव्या. तुम्ही आता अठ्ठावन्नचे.

दोन मागण्या आहेत. इकडे या. बसने पाच तास, तपासणीला वीस मिनिटं, सुई नाही, दुखत नाही, मी स्वतः करते. आणि माळ्यावरची खाक्यांची पेटी पाठवा. दर वाढदिवसाला घरातल्या प्रत्येकाचा उजवा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढायची, हे आजोबांनी सुरू केलं आणि तुम्ही चालू ठेवलं, ते सगळे कागद. मला एक गोष्ट पाहायचीय.

सरावासाठी आम्ही एकमेकींच्या माना पाहिल्या. माझीही पाहिली. काही विशेष नाही.

तुमची,
मोजपट्टी


२४ जानेवारी

मोजपट्टी बाईसाहेब,

पेटी पाठवली. शिलाईच्या बाई तीस वर्षांत कधी मशीन सोडून उठल्या नसतील, पण तुझं नाव काढल्यावर उठल्या आणि त्यांनी ती सुतळीने अशी बांधलीय की सोडवायला तुला तुझं यंत्र लावावं लागेल. कागद सगळे आहेत. माझ्या कामाला भिंतीवरचे पुठ्ठ्याचे साचे पुरतात, त्यामुळे घाईने परत पाठवू नकोस.

आता तुझ्या मोठ्या डॉक्टरबाई. खाज कोपराला आणि तपासणी मानेची, म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. आपल्या घराचं तर तुला पाठ आहे: पापुद्रे आजोबांकडून आले, कच्चं हृदय आजीच्या माहेरून. कुणाच्या वाट्याला एक आलं, कुणाच्या दोन्ही. मला नुसते पापुद्रे मिळाले. हृदय कच्चं असतं तर एवढ्यात फाटलं असतं. बाकी कोण कधी गेलं आणि कोणाची कातडी कशी होती, हे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

हात मात्र त्रास देतो, ते कबूल. उजव्या हाताची अनामिका आणि मधलं बोट सबंध सुजतं. सकाळी तासभर कात्री धरवत नाही. नखं टाचणीने टोचल्यासारखी झालीत. आणि नेमकी आत्ताच काच कारखान्याची मागणी आलीय. भट्टीपाशी उभं राहणाऱ्या माणसांचे मोजे, साठ जोड, प्रत्येकाचा हात निराळा. एकाला अंगठाच नाही, एकाची करंगळी भाजून आत वळलेली. तयार मोजा बसत नाही म्हणूनच माणूस माझ्या दुकानाची पायरी चढतो. त्यांना नाही कसं म्हणू? जूनमध्ये द्यायचेत. औषधवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्या आणतो, सकाळी दोन, दुपारी दोन, की कात्री पळायला लागते.

जूननंतर येतो. तोवर दुसऱ्यांच्या माना मोज.

काका


१२ फेब्रुवारी

काका,

रविवारी खोलीतलं सामान भिंतीला सरकवलं आणि सगळे खाके जमिनीवर मांडले. दीडशेच्या वर कागद आहेत. प्रत्येकाची एक ओळ केली, वयाप्रमाणे. शेजारीण साखर मागायला आली आणि दारातूनच परत गेली.

आजोबांचा हात एकेचाळीसाव्या वर्षापर्यंत सरळ आहे. बेचाळीसाव्या वर्षी तर्जनीच्या दोन्ही बाजूंची रेघ बाहेर जाते. पन्नासाव्या वर्षी तीन बोटं तशी. बावन्ननंतर कागद नाही. आत्याचा अंगठा पंचेचाळीसाव्या वर्षी सुजला. पंचावन्ननंतर कागद नाही. बाबांचं मधलं बोट एकोणचाळीसाव्या वर्षी. सत्तेचाळीसनंतर नाही. बाबांच्या शेवटच्या कागदावर मी हात ठेवून पाहिला आणि लगेच उचलला.

मग आजीचे कागद लावले. शहाऐंशीव्या वर्षाचाही आहे. रेघ थरथरलेली, पण बोटं निखळ सरळ. तिचे दोन्ही भाऊ नव्वदी पाहून गेले, हे तुम्हीच कौतुकाने सांगता. मग कच्चं हृदय तिच्या माहेरून आलं कसं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काका, आपल्या घरात दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं. आपण त्याची दोन नावं ठेवली आणि आजीला फुकट बोल लावला.

कागद म्हणजे डॉक्टर नाही, हे मला कळतं. बाबा दिवसाला वीस सिगरेटी ओढायचे, आजोबांचा रक्तदाब कुणी मोजलाच नाही. पण मी हसण्यावारी नेणार नाही. दुखण्याच्या गोळ्या अशा मनाने महिनोन् महिने घेऊ नका, त्यांचाही हृदयावर भार पडतो. सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा. सूज आतून शांत करणारी औषधं आता आहेत. रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासून घ्या.

तुम्ही जूनआधी येणार नाही हे दिसतंच आहे. म्हणून तडजोड करू. दर महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या उजव्या हाताचा खाका काढून पाठवा. औषध लागू पडलं तर बोट उतरेल, आणि ते मला पाच तासांवरून दिसेल.

मोजपट्टी


३ मार्च

मोजपट्टी,

हातच्या कांकणाला आरसा कशाला? खाका सोबत आहे, घाल डोळे.

गेलो होतो डॉक्टरकडे. पोरगेलासा आहे, पण चेहरा असा गंभीर की मीच त्याला धीर दिला. बोटं दाबली, नखं बघितली, आठवड्याला एक गोळी लिहून दिली. रक्तदाब म्हणाला ठीक. झालं समाधान? आजीची मात्र मी माफी मागतो. बिचारीला चाळीस वर्षं उगाच बदनाम केलं.

बाकी ठीक. खाट वरून खाली दुकानातच आणलीय. जिना जुना झालाय, पायऱ्या पूर्वीपेक्षा उंच वाटतात. शिवाय कामाजवळ झोपलेलं बरं. तुझ्या खोलीत मी कातड्याची एकही गुंडाळी ठेवलेली नाही, तशी शंका घेऊ नकोस.

एक दाढ तेवढी छळतेय. गठडी उचलली की खालचा जबडा ठणकतो, ठेवली की थांबतो. दंतवैद्याने आरसा घालून सगळं तोंड फिरून पाहिलं आणि म्हणाला, दात चाळिशीतल्या माणसाचे आहेत. मी म्हटलं, मग बाकीचा मीही चाळिशीतलाच समजा.

बावीस जोड झाले. अंगठा नसलेल्या माणसाने मोजा घालून मूठ वळवली आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसला. त्यासाठी हे काम करतो, पोरी.

काका


१० एप्रिल

काका,

दोन्ही खाके मिळाले. मार्चमध्ये अनामिका थोडी उतरली होती, एप्रिलमध्ये तर चांगलीच उतरली! मोठ्या डॉक्टरबाईंनाही दाखवले. त्या आधी हसल्या, रुग्णाने स्वतःचा हात टपालाने पाठवल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, औषध लागू पडतंय असं दिसतं, तरी मान आणि हृदय बघायला हवंच. मी म्हटलं, जूननंतर येताहेत.

खरं सांगू, जानेवारीपासून पहिल्यांदा निवांत वाटतंय. मी साप साप म्हणून भुई धोपटत होते की काय असंही मनात येऊन गेलं. दाढेचं काय झालं? दुसऱ्या दंतवैद्याला दाखवा. इथे मी दिवसाला चौदा-चौदा माना बघते, स्वप्नातही करड्या रेघा दिसतात.

मे महिन्याचा खाका विसरू नका.

मोजपट्टी


१ मे

पोरी,

मी पत्र लिहिणारी बाई नाही. तुझ्या काकांना कळलं तर दुकान डोक्यावर घेतील, म्हणून हे मी घरी बसून लिहितेय आणि टपालाच्या पेटीतही मीच टाकणार.

ते डॉक्टरकडे गेलेले मला तरी माहीत नाहीत. गोळ्या पूर्वीच्याच आहेत, आता सकाळी तीन घेतात. कात्री दोन्ही हातांनी धरतात आणि मी बघितलं की एका हाताने धरल्याचं दाखवतात. परवा मागच्या खोलीतून गठडी घेऊन निघाले आणि मधल्या बाकावर बसले. जबडा हातात धरला. मी विचारलं तर म्हणाले, दाढ. मी म्हटलं, दाढदुखीने सदरा पाठीला चिकटतो होय? तर म्हणाले, तुम्ही शिलाई बघा.

मी शिकलेली नाही. पण तीस वर्षं त्यांनी कापलेलं मी शिवतेय. माणूस झाकतोय केव्हा आणि दुखतंय केव्हा एवढं मला कळतं. तू शहाणी आहेस, काय ते कर. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस.

शिलाईच्या बाई


६ मे

काका,

मला कसं कळलं ते विचारू नका.

तुमचे तिन्ही खाके मी पेटीतल्या जुन्या कागदांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले. मार्चचा तुमच्या छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या कागदावर केसभरही न सरकता बसला. एप्रिलचा चोपन्नाव्यावर. काल आलेला मेचा बावन्नाव्यावर. जिवंत हात दोनदा सारखा उमटत नाही, पेन्सिल कुठेतरी कलतेच, हे मी सात वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत. सारखा उमटतो तो पुठ्ठ्याचा साचा. भिंतीवरचे तुमचे स्वतःचेच जुने साचे उतरवलेत आणि दर महिन्याला दोन-दोन वर्षं मागे जात रेघ मारलीत. ज्या कागदांवरून ते साचे कापले होते ते माझ्या घरी आहेत, एवढं मात्र विसरलात.

खूप चिडले. भांडी आपटली. मग कळलं की चिडायचा हक्क मला उरलेला नाही.

जानेवारीत मी लिहिलं होतं, माझी मान पाहिली, काही विशेष नाही. ते खोटं होतं. माझी सहकारी भयंकर बडबडी आहे. माझ्या मानेवर यंत्र ठेवलं आणि ती गप्प झाली. डाव्या बाजूला थर आहे. निम्मी वाट अडलीय. एकोणचाळिसाव्या वर्षी. कानामागे आणि केसांत जे मी वीस वर्षं कोंडा म्हणत आले तो कोंडा नाही. गेल्या वर्षापासून पायाचं एक बोट सुजतं, मी बुटाला दोष देत होते. आणि दिवसाला सहा सिगरेटी ओढते, हेही तुम्हाला माहीत नाही. मोठ्या डॉक्टरबाईंनी औषधं लिहून दिली, ती मी "तुमचं मार्गी लागलं की सुरू करू" म्हणून खणात ठेवली. तुम्ही घाबराल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्हाला सांगितलं नाही म्हणून मलाही ते खरं वाटेना.

काल दोनदा फोन केला, तुम्ही "हो हो, जेवलो" म्हणून ठेवून दिलात. आता नीट वाचा. श्रम केले की जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, ही दाढ नसते. हृदय असतं ते. मी हे शिकलेली बाई आहे. मार्चमध्ये तुमच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि मी कागदावरच्या बोटाकडे बघत बसले. माझ्याकडे यायची वाट पाहू नका. पत्र मिळेल त्याच दिवशी तिथल्या रुग्णालयात जा.

मोजपट्टी


११ मे

पोरी,

हे आधी का नाही सांगितलंस?

माझ्या मानेसाठी मी पाच तास बसमध्ये बसलो नसतो. तुझ्या मानेसाठी अनवाणी चालत आलो असतो. आणि आलो असतो की तू माझीही पाहिली असतीस. एवढं साधं होतं ते.

आता माझं. काच कारखान्याचं निमित्त होतं. दादाला, तुझ्या बाबांना, मी म्हटलं होतं, दाढ असेल. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ज्या बाकावर मी हल्ली बसतो त्याच बाकावर तो जबडा धरून बसला होता. मी म्हटलं, दाढ असेल, आज राहू दे, उद्या दाखवू, एवढी कापणी उरकून घे. त्याने उरकली. उद्या उजाडला तेव्हा तो नव्हता. तू तेव्हा परीक्षेला गेली होतीस.

म्हणून मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, दंतवैद्याकडे जायच्याही आधी. पण डॉक्टरने ते तोंडाने म्हटलं असतं, तर दादाला कुणी घरी बसवून ठेवलं तेही म्हटल्यासारखं झालं असतं. दाढच आहे असं मी म्हणत राहिलो, म्हणजे त्याचीही दाढच होती. वेडेपणा आहे. पण वीस वर्षं त्याच्यावर उभा आहे मी.

सोळा तारखेच्या सकाळच्या बसचं तिकीट काढलं. तू म्हणतेस तसं उद्या इथल्या रुग्णालयात गेलो तर ते मला अडकवून ठेवतील आणि तुझी मान राहून जाईल. एकोणीस जोड राहिलेत, तेवढे कापून ठेवतो. आधी तुझी मान मला दाखवायची, कुठे थर आहे ते बोट ठेवून. मग माझी. खणातली औषधं आज सुरू कर. सिगरेटचं पाकीट मी यायच्या आत फेक.

काका


२८ जून

काका,

हे पत्र बाई तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील. दमलात तर हात वर करा, त्या थांबतील.

कालपासून कामावर रुजू झाले. सहा आठवडे तुमच्याजवळ होते तरी काही गोष्टी तोंडाने बोलता आल्या नाहीत, म्हणून लिहितेय. मेच्या चौदा तारखेला बाईंचा फोन आला तेव्हा मी तुमच्यासाठी उशी विकत घेत होते. बाई म्हणाल्या, कात्री हातातून पडली, ती उचलायला वाकलात आणि हात खाली गेलाच नाही. त्यांनी तुम्हाला बाकावर बसू दिलं नाही, थेट गाडी बोलावली. तुमचा जीव त्यामुळे वाचला, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

तुमची मान शेवटी मीच पाहिली, परवानगी काढून. डावीकडची वाट जवळजवळ बंद होती. हृदयाच्याही दोन वाहिन्या अरुंद आहेत. उजवा हात परत येईल का, हे डॉक्टरांना माहीत नाही. शब्द येतील, पण हळूहळू, आणि कदाचित सगळे नाही. हे तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतेय. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर तुम्हाला राग आला असता.

बाबांबद्दल लिहिलंत, त्याचं उत्तर राहिलं. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, काका. मला मार्चमध्ये माहीत होतं. त्यांना तुम्ही एक दिवस थांबवलंत, तुम्हाला मी दोन महिने थांबू दिलं. तेव्हा आता फिट्टंफाट, आणि हा विषय आपल्यात पुन्हा काढायचा नाही.

माझं: सूज शांत करायचं इंजेक्शन सुरू झालं. रक्तातल्या चरबीची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, दोन्ही रोज. सिगरेट सहा आठवडे बंद होती. परवा बसमधून उतरल्यावर एक ओढली. लाज वाटली, तरी लिहितेय.

मोजपट्टी


२ ऑगस्ट

मोजपट्टी

डावा हात. हसू नको.

चमचा धरतो. शब्द अर्धे. बाई ओरडतात. बरं वाटतं.

उरलेले जोड बाईंनी कापले. पहिल्यांदा. चांगले.

तू. तुझं सांग. वाईट पण सांग.

सिगरेट?

काका


९ ऑगस्ट

काका,

अक्षर वाचता आलं. हसले नाही. म्हणजे, "बाई ओरडतात" इथे हसले.

सिगरेट: त्या एकीनंतर शून्य.

आता वाईट. काल सकाळी एका आजींच्या मानेवर यंत्र ठेवलं होतं आणि माझ्या डाव्या डोळ्यापुढे वरून खाली काळा पडदा उतरला. दुखलं नाही. उजव्या डोळ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. चार मिनिटं. मग पडदा जसा आला तसा वर गेला आणि सगळं पूर्वीसारखं लख्ख दिसायला लागलं. पूर्वीची मी असते तर आजींची तपासणी पुरी केली असती आणि चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सोडून दिलं असतं. पण हे काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि ते निघून गेलं म्हणून बरं झालेलं नसतं हेही ठाऊक आहे. आजींची माफी मागितली, सहकारीला हाक मारली आणि त्याच पलंगावर आडवी झाले. म्हटलं, आत्ता बघ. ती पुन्हा गप्प झाली.

थराचा एक कण सुटून डोळ्याकडे गेला होता. वाट आता पाऊण अडलीय. जानेवारीत औषधं सुरू केली असती तर हे टळलं असतं का, असं मी मोठ्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. त्यांनी "नाही" म्हटलं नाही, एवढं मी ऐकलं.

हे वॉर्डातल्या खाटेवरून लिहितेय. आधी डॉक्टरांना सांगितलं आणि मगच तुम्हाला लिहायला बसले, तेव्हा ओरडायला जागा नाही. उद्या सकाळी आठ वाजता डावीकडून मान उघडून आतला थर काढणार आहेत. बहुतेकांचं नीट होतं. थोड्यांचं बिघडतं, आणि बिघडलं की तुमच्यासारखं होतं किंवा त्याहून वाईट. मला भीती वाटतेय, काका. खूप वाटतेय. तुम्ही इथे हवे होतात, आणि तुम्ही बसमध्ये बसू शकत नाही हे आठवलं की मला माझाच राग येतो.

उद्याचं तुम्हाला नक्की कळेल. मला लिहिता आलं तर मी लिहीन. नाही आलं तर माझी बडबडी सहकारी लिहील. तिला तुमचा पत्ता दिलाय. वाईट असलं तर ते पहिल्याच ओळीत लिही, असं तिला बजावून ठेवलंय.

तुमची,
मोजपट्टी